बाके कशाला वाजली?

१

भाचीचे लग्न ठरले तेव्हा तिचा बाप होता आणि लागले तेव्हा नव्हता, त्या वर्षाची ही गोष्ट. त्याच वर्षी सभागृहाच्या नोंदीतून एक वाक्य नाहीसे झाले. वाक्य जेमतेम दीड ओळीचे होते. पण त्या दीड ओळीवर अकरा माणसांचा जाब लटकलेला होता, आणि त्या अकरांत भाचीचा बाप एक होता.

भाचीच्या आत्याला सगळे मोठ्या बाई म्हणत. सभागृहाच्या प्रतिवेदक शाखेच्या त्या प्रमुख. सभागृहात कोणी काहीही बोलले तरी ते शब्दाला शब्द लघुलिपीत उतरवायचे, मग टंकून कायमच्या नोंदीत घालायचे, हे शाखेचे काम. आवाज धरून ठेवणारी यंत्रे तेव्हा तिथे आली नव्हती. नोंदीत आहे ते बोलले गेले, नोंदीत नाही ते बोललेच गेले नाही, असा सरळ न्याय.

एका गुरुवारी सकाळी सभागृहात, दोन आठवड्यांपूर्वी नदीत बुडालेल्या लाँचवर चर्चा सुरू झाली. विरोधी बाकावरच्या एक सदस्य, ज्यांना सगळे वकीलबाई म्हणत, उठून उभ्या राहिल्या.

"जलवाहतूक मंत्र्यांनी नऊ आठवड्यांपूर्वी याच सभागृहात शब्द दिला होता," त्या म्हणाल्या. "नदीवरची जुनी लाँच पंधरा दिवसांत बंद करतो, नाही केली तर जबाबदारी माझी. लाँच बंद झाली नाही. सात आठवड्यांनी बुडाली. आता जबाबदारी कुठे आहे, अध्यक्ष महाराज?"

मंत्री शांतपणे उठले. "असा शब्द मी दिलेला नाही. नोंद काढा."

नोंद काढली. पान त्रेचाळीस. मंत्र्यांचे उत्तर असे होते: याबाबत शासन विचार करील. पुढे काही नाही.

सत्तेच्या बाजूने हशा उठला. वकीलबाई उभ्याच राहिल्या, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला. आजूबाजूच्या अर्ध्या सदस्यांना ते वाक्य आठवत होते, अर्ध्यांना आठवत नव्हते, आणि कोणाला आठवते ते कोण कोणत्या बाजूला बसतो यावर ठरत होते. वर्तमानपत्रात तेव्हा एक ओळ आली होती, पण वर्तमानपत्राचे कात्रण सभागृहात पुरावा म्हणून चालत नाही.

अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला. पुराव्याशिवाय मंत्र्याला खोटे ठरवणाऱ्या सदस्याने माफी मागावी, नाहीतर बाहेर जावे. आणि तो विषय पुन्हा सभागृहात येणार नाही.

"उद्या अकरा वाजता निर्णय देतो," ते म्हणाले, आणि मोठ्या बाईंना दालनात बोलावून घेतले.

"वाक्य बोललं गेलं की नाही?" अध्यक्षांनी विचारले.

"मी त्या वेळी आत नव्हते, साहेब."

"मग शोधा. तुमचा भाऊ त्या लाँचवर होता, हे मला ठाऊक आहे. म्हणून विचारतो. जमेल?"

"जमेल."

"मध्येच रडू वगैरे आलं तर?"

"दोन आठवडे झाले," मोठ्या बाई म्हणाल्या. "अजून तरी आलेलं नाही."

आणि ते खरे होते. भाऊ गेल्यापासून त्यांच्या आत एक ओला बोळा कोंबल्यासारखे झाले होते. ऐकू येई, दिसे, हात चाले. पण लागत काहीच नसे.

२

त्रेचाळिसाव्या पानावरची पाळी पोपटाची होती. हा प्रतिवेदक ऐकलेले जसेच्या तसे म्हणून दाखवायचा, म्हणून त्याला पोपट म्हणत. दहा मिनिटांची पाळी झाली की बाहेर यायचे आणि वहीतले वाचून काकांकडून टंकून घ्यायचे, अशी पद्धत.

"वही?" बाईंनी विचारले.

"लगद्याला गेली. दीड महिन्याने जातात ना, नियमाने."

"मंत्री काय म्हणाले होते?"

पोपट बोटांची नखे बघत राहिला. "बाई, दिवसाला हजारभर वाक्यं हातातून जातात. डोक्यातून एक जात नाही. जबाबदारी वगैरे शब्द लिहिला होता असं वाटतं. पण तो शब्द आपल्याकडे रोजच लिहावा लागतो."

"म्हणजे तू गाळलंस, असं उद्या कोणी म्हणालं तर?"

"तर मी घरी गेलो," पोपट म्हणाला. "आई विचारेल, पोपटपंचीसुद्धा जमली नाही का रे तुला?"

टंकलेखक काका खिडकीपाशी बसत. वयाने जवळजवळ बाईंएवढे. बाईंनी पान त्यांच्यापुढे धरले.

"यंत्र माझंच," काका म्हणाले. "आडव्या रेघेत तो खळगा दिसतोय ना, तो माझ्या यंत्राचा."

"पान एकदाच टंकलंत की पुन्हा?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. "बाई, चहा घ्या."

"काका, मी काय विचारलं?"

"ऐकलं. चहा घ्या म्हटलं."

तीस वर्षांत काकांनी कधी उत्तर टाळले नव्हते. बाईंनी ते मनात ठेवले आणि अभिलेख खोलीत गेल्या.

नोंद टंकून झाली की ज्याचे भाषण असेल त्याला त्याची पाने तपासायला पाठवत. बोलण्याच्या ओघात जीभ घसरली असेल, आकडा चुकला असेल, तर तेवढे चोवीस तासांत दुरुस्त करून परत करायचे. अर्थ बदलायचा नाही. दुरुस्त केलेली पाने गठ्ठ्याने अभिलेख खोलीत ठेवलेली असत, आणि ती खोली दप्तरी सांभाळी.

"या अधिवेशनाचा दुरुस्तीचा गठ्ठा काढ," बाई म्हणाल्या.

दप्तरी फळीकडे न बघताच म्हणाला, "नाही तो."

"नाही म्हणजे?"

"वाळवी लागली असेल."

"बाकी सगळे गठ्ठे आहेत. वाळवीने एकच खाल्ला?"

"हुशार असेल एखादी."

बाईंनी फळीवर बोट फिरवले. आजूबाजूला धूळ होती आणि मध्ये गठ्ठ्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन. वाळवी लागली असती तर माती असती. कोणीतरी नुकताच गठ्ठा उचलला होता.

३

दुपारी मंत्र्यांचे खासगी सचिव स्वतः शाखेत आले. एरवी ते शिपायाकरवी निरोप धाडत. आले, खुर्ची ओढून बसले, आणि आवाजात मध घालून बोलू लागले.

"भावाचं कळलं, बाई. फार वाईट झालं."

"हो."

"साहेबांनाही फार लागलं. पण नदीच ती. पाण्यापुढे कोणाचं काय चालतं?"

"लाँच चालत होती," बाई म्हणाल्या. "बंद व्हायची ती."

सचिव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. टेबलावरची टाचणी उचलून उलटसुलट करत म्हणाले, "एक सांगू? वडीलकीच्या नात्याने नाही, तुम्हीच मला वडील. फार खणू नका. खणणाऱ्याच्याच पायाखालची माती आधी सरकते. माणूस दुःखात असला की त्याच्या हातून काय काय होऊन जातं, आणि त्याला पत्ताही नसतो."

"कोणाच्या हातून?"

"कोणाच्याही," सचिव म्हणाले, आणि टाचणी जागेवर ठेवून गेले.

धमकी होती हे उघड होते. पण ती कशाची, ते बाईंना समजेना. पोपटाला कोणी वश केला होता? काकांना? त्या आपल्या जागेवर बसल्या आणि पहिल्यांदाच पान त्रेचाळीस बाजूला ठेवून त्यांनी पान चव्वेचाळीस पुढे ओढले. तिथे वरच्याच ओळीत, कंसात, पाच शब्द होते. ते वाचून त्या उठून उभ्या राहिल्या.

४

कंसात लिहिले होते: सर्व बाजूंनी बाके वाजविण्यात येतात.

आणि त्याखाली वकीलबाईंचे वाक्य: मी मंत्रिमहोदयांची आभारी आहे.

बाई दारातच पोपटाला म्हणाल्या, "तुला नोकरी लागून किती वर्षं झाली?"

"सात."

"सात वर्षांत 'शासन विचार करील' असं मंत्री म्हणाला आणि कोणी बाक वाजवलं, असं कधी लिहिलंस?"

पोपटाने डोके खाजवले. "जांभया दिल्या, असं लिहायची सोय असती तर पुष्कळदा लिहिलं असतं."

"मग त्या दिवशी बाके कशाला वाजली? तीही दोन्ही बाजूंनी?"

पोपटाने पान चव्वेचाळीस ओढून पुन्हा वाचले.

बाकांचा आवाज पुढच्या पाळीत गेला होता, आणि पुढची पाळी चिमणीची होती. चिमणी म्हणजे शाखेतली सगळ्यात बारीक अक्षर काढणारी मुलगी. आणि शाखेची एक रीत होती, बाहेरच्या कोणाला ठाऊक नसलेली. पुढच्या पाळीचा माणूस मिनिटभर आधी येऊन बसतो आणि धागा सापडावा म्हणून लगेच लिहू लागतो. त्या एका मिनिटाचे दोघे लिहितात. टंकताना दुसरा आपला तेवढा भाग तिरकी रेघ मारून सोडून देतो.

चिमणी बाळंतपणाच्या रजेवर होती. बाई चार वाजता तिच्या घरी पोहोचल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, दोरीवर लंगोट वाळत घातलेले. दार सासूबाईंनी उघडले.

"दहा मिनिटं बोला," सासूबाई म्हणाल्या. "आत्ताच निजलंय. उठवलंत तर तुम्हीच घ्यायचं."

"चालेल," बाई म्हणाल्या.

चिमणीने वहीचे विचारताच कपाटावरची पिशवी काढली. "बाई, रागावू नका. वही परत करायची राहूनच गेली. त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या पाळीला बसले आणि कळा सुरू झाल्या. अर्थमंत्री बोलत होते. मला वाटलं त्यांच्या भाषणानेच पोट दुखतंय."

"उलगड. अकरा पन्नासच्या आधीचं मिनिट."

लघुलिपी ज्याची त्यालाच नीट वाचता येते. चिमणीने तिरक्या रेघेखाली बोट ठेवले आणि हलक्या आवाजात वाचले. "या सभागृहाला मी शब्द देतो की पंधरा दिवसांत ही लाँच बंद होईल. न झाल्यास जबाबदारी माझी."

 सासूबाई दारातून म्हणाल्या, "तीच का हो, बुडालेली?"

"तीच," बाई म्हणाल्या. वाक्य सापडले होते. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

चिमणीने ते वाक्य साध्या अक्षरांत उतरवून खाली सही केली. "बाई, पण मग नोंदीत काय झालं? पोपटाने गाळलं?"

"पोपटाने गाळलं असतं तर त्याला ठाऊक होतं की तुझ्या वहीत हे असणार. काकांनाही ठाऊक होतं. आणि शाखेतला कोणीही पुढचं पान बघितल्याशिवाय राहिला नसता. ज्याने बदल केला त्याच्यापुढे पान चव्वेचाळीस नव्हतंच."

"कोणापुढे नसतं?"

"ज्याला फक्त आपल्या भाषणाची पानं मिळतात त्याच्यापुढे."

५

परतीच्या बसमध्ये बाईंनी उरलेला धागा ओढला. तो सरळ होता. मंत्र्यांनी दुरुस्तीच्या पानावर वाक्य खोडले. ठीक. पण खोडल्याने काही होत नाही. दुरुस्ती शाखेत येते, शाखेत ती तपासली जाते, मान्य म्हणून त्यावर सही होते, आणि सही असेल तरच काका पान पुन्हा टंकतात. म्हणजे कोणीतरी सही केली होती.

आणि सहीचा अधिकार शाखेत एकाच माणसाला होता.

बस दोन थांबे पुढे गेली तरी त्या उतरल्या नाहीत. मग उतरल्या, तेवढे अंतर चालत मागे आल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे त्यांची आई म्हणायची.

अभिलेख खोलीत दप्तरी होता, आणि काकाही तिथेच होते. दोघे काहीतरी बोलत होते. बाई दिसताच गप्प झाले.

"गठ्ठा काढ," बाई म्हणाल्या. "वाळवीला सांग, मला कळलंय."

दप्तरीने काकांकडे बघितले. काकांनी मान हलवली. दप्तरीने आपले कपाट उघडले आणि जुन्या स्वेटरखालून गठ्ठा काढला.

पान त्रेचाळीस. मंत्र्यांची जांभळी शाई. शब्द दिलेले वाक्य आडव्या रेघेने खोडलेले, वर नवे वाक्य, खाली तारीख. बोलल्यापासून एक्कावन्न दिवसांनंतरची. लाँच बुडाल्याच्या दोन दिवसांनंतरची. आणि कोपऱ्यात बाईंची दोन अक्षरी सही, रोजच्यासारखीच, न हललेली.

"त्या गुरुवारी तुम्ही भावाला पोचवून आलात," काका म्हणाले. "शुक्रवारी कामावर हजर. मी म्हटलं होतं, येऊ नका. तुम्ही म्हणालात, घरी बसून काय करू? सचिवांनी चाळीस पानं आणून ठेवली, घाई आहे म्हणाले. तुम्ही खिडकीकडे बघत सह्या केल्यात. एकामागून एक."

"मला आठवत नाही."

"नाहीच आठवणार. मी सही बघितली आणि टंकलं. मजकूर बघणं माझं काम नाही. आज वकीलबाई उठल्या तेव्हा काय टंकलं ते कळलं. मग याला म्हटलं, गठ्ठा हलव."

"आपलेच दात, आपलेच ओठ," दप्तरी पुटपुटला. "बाई, तुम्हाला निवृत्त व्हायला सहा महिने राहिलेत. चिमणीची वही मिळाली ना? ती द्या. वाक्य सिद्ध होतं. गठ्ठ्याचं कोणाला कळायचं नाही."

बाई स्टुलावर बसल्या. पान मांडीवर ठेवले.

"वही दिली तर काय सिद्ध होतं?" त्या म्हणाल्या. "वाक्य बोललं गेलं, एवढंच. मग ते नोंदीत का नाही? मंत्री म्हणतील, कारकुनाने गाळलं, मला काय ठाऊक, मीही विसरलो होतो. पोपट घरी जाईल. मंत्री जागेवर राहतील."

"पण तुम्ही..."

"खोडणारा हात दाखवायचा तर मान्य करणारा हातही दिसणारच. एकाच कागदावर आहेत दोन्ही."

काकांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही. "बाई, तुम्ही मुद्दाम नाही केलंत."

"मंत्रीही म्हणतील, लाँच मी मुद्दाम नाही बुडवली," मोठ्या बाई म्हणाल्या.

६

शुक्रवारी अकराला चिमणीची जागा रिकामी असल्याने पाळीला माणूस कमी होता. अध्यक्षांना कागद देऊन मोठ्या बाई स्वतःच सभागृहाच्या मधल्या टेबलाशी बसल्या आणि लिहू लागल्या.

अध्यक्षांनी आधी चिमणीच्या सहीचा कागद वाचून दाखवला, मग जांभळ्या शाईचे पान. मंत्री उठले.

"अध्यक्ष महाराज, ही दुरुस्ती शाखाप्रमुखांनी मान्य केलेली आहे. त्यांची सही आहे. दोष असेल तर त्यांचा."

"त्यांचा आहेच," अध्यक्ष म्हणाले. "त्यांनी तो सकाळी लेखी कबूल केला. तुम्ही तुमचा कबूल करा. मुदत चोवीस तासांची होती, पान आलं एक्कावन्न दिवसांनी. दुरुस्ती चुकीची करायची असते, दिलेल्या शब्दाची नव्हे. कोणी सही केली म्हणून नियम वाकत नाही."

बाके वाजली नाहीत. बाई लिहीत होत्या.

"मूळ वाक्य नोंदीत परत घालावे. सदस्यबाईंना माफी मागण्याचे कारण नाही. मंत्र्यांनी आज दोन वाजता आपल्या शब्दाबद्दल आणि लाँचबद्दल निवेदन करावे. प्रतिवेदक शाखेच्या प्रमुखांना चौकशी होईपर्यंत आजपासून कामावरून दूर करण्यात येत आहे."

तेही त्यांनी लिहिले. शब्दाला शब्द. पाळी संपली तेव्हा पोपट मिनिटभर आधी येऊन बसलाच होता. त्याच्या वहीवर पाणी पडत होते आणि तो ते बाहीने टिपत होता. बाईंची वही कोरडी होती.

मंत्र्यांनी दोन वाजता निवेदन केले आणि तीन वाजता राजीनामा दिला.

संध्याकाळी बाई भावाच्या घरी गेल्या. वहिनी भाचीच्या लग्नाच्या साड्यांना फॉल लावत बसली होती. सुई न थांबवता तिने विचारले, "सापडलं का हो, वन्सं? कोणी केलं?"

"मंत्र्याने वाक्य खोडलं. आणि मी न वाचता त्याच्यावर सही केली."

सुई थांबली. 

"ते बुडाले त्याच्या आधी, की नंतर?"

"नंतर. दोन दिवसांनी."

वहिनीने दोरा दाताने तोडला. "मग जेवून जा," ती म्हणाली.

मोठ्या बाई जेवल्या. कशाला काही चव लागली नाही, पण पान पुसून खाल्ले.

मोठ्या बाईंचा धाकटा भाऊ, शाळेत सुतारकाम शिकवणारा मास्तर, वय एक्केचाळीस, त्या वर्षीच्या चौथ्या महिन्याच्या नऊ तारखेला, बुधवारी सकाळी पावणेनऊ वाजता, नदीच्या मध्यावर लाँच उलटून मेला. त्याच्याबरोबर आणखी दहा जण मेले.